न घेतलेला प्याला

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आमच्याकडे येणारा माणूस तोंड उघडतो आणि त्याला बोलता येत नाही, हे या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख. चर्चच्या पेजवर नेमकं उलटं. तिथे कोणाचं तोंड दिसत नाही आणि बोलायचं मात्र कोणी थांबत नाही. ते पेजही मीच सांभाळते, कारण "हिच्या हातात तसाही फोन असतोच" असं आमच्या पंचांनी एकमताने ठरवलं. एरवी त्यांचं एकमत चहात साखर किती यावरही होत नाही.

आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो. थोरल्या जाऊबाई खाली, मी वर. चर्चच्या मागच्या खोलीत जाऊबाईंचं पाळणाघर आहे. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर खुंट्या, आणि वाचता न येणाऱ्यांना आपली खुंटी कळावी म्हणून प्रत्येकीवर एक चित्र. मासा, छत्री, चमचा, बटण. चित्रावरूनच मुलांची नावं पडलेली. मासा चावतो, छत्री झोपत नाही, बटण सगळ्यांना हाताने भरवते. जाऊबाईंना मूल नाही. ती खोली म्हणजे त्यांचा जीव, हे मी सांगायला नको. पण त्या रविवारनंतर जे झालं ते कळायला सांगायला हवं.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे तबक रांगेतून हातोहात फिरतं, आधी भाकरीचं, मग छोट्या प्याल्यांचं. उपासना पेजवर लाइव्ह जाते, म्हणून तेवढ्या वेळात कॅमेरा लोकांवरून काढून क्रुसाकडे वळवायचा असा नियम आहे. कॅमेऱ्यावर असतो आमचा वायरमन. तो विसरला आणि कॅमेरा पहिल्या रांगेवरच राहिला. भाकरीचं तबक आलं, जाऊबाईंनी ते तसंच शेजारणीकडे दिलं. प्याल्यांचं आलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर पाहिलं आणि तेही पुढे दिलं. एवढंच झालं. मी मागे उभी होते, मला दिसलंसुद्धा नाही.

पण व्हिडिओला डोळे फुटतात. दुपारी पहिली कमेंट आली, अगदी साखरेत घोळलेली: "पहिल्या रांगेतल्या बाईंना बरं नाही का? प्रार्थना करते." तिच्याखाली दुसरी: "तब्येतीचं नाही, मनाचं दुखणं असेल." मग तिसरी: "पाप मनात ठेवून घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं. तेवढी तरी लाज आहे म्हणायची." प्रत्येकीच्या शेवटी जोडलेले हात. आधी चिखल फेकायचा आणि मग हात जोडायचे, ही भक्ती मला नवीन होती.

संध्याकाळी 'सत्याचा दिवा' नावाच्या कोणीतरी लिहिलं: "जिला प्रभूच्या मेजाची भीती वाटते, ती दिवसभर आपल्या सगळ्यांच्या लेकरांबरोबर त्या खोलीत काय करते, हे कोणी विचारलंय का?"

मी ती कमेंट खोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सकाळपर्यंत दिव्याने तीच पुन्हा लिहिली होती आणि खाली जोडलं होतं: "खोडता आहात, म्हणजे लपवण्यासारखं आहे." त्याला अंगठे किती आले ते मी मोजलं नाही, पण त्यात ओळखीचे बरेच होते. त्यातल्या एकीच्या घशात मासळीचा काटा अडकला होता तेव्हा मी तिला घेऊन धावले होते. खोडलं की संशय, ठेवलं की विष.

सोमवारी मासा आला नाही. त्याची आजी आली आहे म्हणे, तीच सांभाळेल. मंगळवारी चमच्याला सर्दी झाली. बुधवारी छत्रीची आई आली ती फक्त तिची चटई आणि टॉवेल न्यायला. ती जाऊबाईंच्या नजरेला नजर देईना. "तसं काही नाही हो, घरच्यांना आता वाटतं की..." असं म्हणत म्हणत मागे सरकली आणि छोट्या स्टुलाला अडखळली. जाऊबाईंनीच तिला सावरलं.

त्या संध्याकाळी मी खाली गेले. जाऊबाई मुलांचे छोटे टॉवेल इस्त्री करत होत्या. वापरायला मुलं नव्हती, तरी करत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाऊबाई, प्याला का नाही घेतलात?"

"नाही घेतला."

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तरच आहे. तुला आवडलं नाही, एवढंच."

"अहो, लोक काय काय लिहितायत, वाचलंत का तुम्ही?"

"सगळं वाचलं. 'दिव्या'च्या ऱ्हस्वदीर्घात चुका नाहीत. शिकलेलं माणूस दिसतंय." त्यांनी टॉवेलची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

गुरुवारी चर्चचे पाळकसाहेब आले. भला माणूस, पण सगळ्यांशी गोड राहायचं म्हणजे कधीतरी जीभ चिकटते. खुर्चीच्या अगदी काठावर बसून म्हणाले, "बाई, दोन ओळी लिहून द्या. मी पेजवर टाकायला सांगतो. पित्ताचा त्रास होता, एवढं लिहिलं तरी भागेल."

"साहेब, मला पित्त नाही," जाऊबाई म्हणाल्या.

साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी खालच्या आवाजात खरी बातमी सांगितली. शनिवारी पंचांची बैठक आहे, पालकांनाही बोलावलंय. खोली चर्चची आहे. समाधानकारक खुलासा झाला नाही तर पंच पाळणाघर बंद करतील. "माझ्या एकट्याच्या हातात नाही," असं ते दोनदा म्हणाले.

शुक्रवारी दवाखान्यात एका आजोबांची दाढ निघत होती आणि मी बाहेर पेजचा इनबॉक्स चाळत होते. लोकांना वाटतं, नाव बदललं की माणूस बदलतो. पण जुन्या संदेशांवरही नवीन नावच येतं, आणि संदेश मात्र जुनाच राहतो. 'सत्याचा दिवा' या नावाखाली मागच्या वर्षीची ओळ होती: "पाळणाघर सकाळी किती वाजता उघडतं? माझी मुलगी दोन वर्षांची आहे." खाली मी दिलेलं उत्तर. आणि त्याखाली: "थँक्यू! तिला शर्टाची बटणं मोजायला फार आवडतं."

बटणची आई! नकाशे काढायच्या ऑफिसात काम करणारी, हळू बोलणारी, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी स्क्रीनशॉट काढला. मला आनंद झाला, लपवत नाही. डॉक्टरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी पळाले. वाटेत मनातल्या मनात मजकूरही तयार केला. तो इथे देत नाही, पण चांगला धारदार झाला होता.

जाऊबाईंनी स्क्रीनशॉट बघितला आणि फोन परत दिला. "मला वाटलंच होतं."

"वाटलं होतं? आणि गप्प बसलात?"

"खाली बस. आणि माझं बोलणं होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. जमेल का?"

जमणार नव्हतं, पण बसले.

बटणच्या आईची नोकरी गेली होती. तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी कपडे करून, डबा घेऊन निघायची, बटणला पाळणाघरात सोडायची आणि लाँड्रीसमोरच्या बस थांब्यावर दिवस काढायची. जाऊबाईंनी तिला भर दुपारी तिथे डबा खाताना दोन-तीनदा पाहिलं. एकदा बटणचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा जाऊबाई सहज म्हणाल्या, "त्यांना सुट्टी आहे का हो? थांब्यावर एकट्या जेवत बसतात. म्हणावं, इथे येऊन जेवा." बस्स. त्या माणसाचा चेहराच उतरला. त्या रात्री त्यांच्या घरात काय झालं ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या घरात काडी टाकलीत." त्यानंतर बटण आली नाही.

"मी दोनदा गेले तिच्याकडे माफी मागायला," जाऊबाई म्हणाल्या. "आतून पावलांचा आवाज येत होता. दार नाही उघडलं."

"पण याचा प्याल्याशी काय संबंध?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या चर्चच्या मंडळीतून लग्न होऊन आले, म्हणून मला माहीत नाही असं त्यांना वाटलं असावं. खरंच माहीत नव्हतं. "आपल्याकडे जुनी रीत आहे. कोणाच्या मनात तुझ्याबद्दल काही राहिलं असेल, तर आधी जाऊन मिटवायचं, मग मेजापाशी यायचं. प्रभूनेच सांगितलंय ना, अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा. सासूबाईंनी शेजारणीशी समेट होईपर्यंत कितीतरी महिने तबक पुढे दिलं होतं. तेव्हा कोणी असं पुढे देताना दिसलं की बाकीचे माना खाली घालायचे. आता कॅमेरा आहे."

"मग हेच सांगा ना उद्या! एका वाक्यात सगळं मिटेल."

"आणि पुढचा प्रश्न काय येईल? भांडण कोणाशी? कशावरून? तिच्या सासरच्यांना अजून माहीत नाही. तिची गोष्ट एकदा माझ्या तोंडून बाहेर गेली. चुकून गेली, पण गेली. आता खोली वाचवायला पुन्हा घालवू?"

"ती तुमच्यावर वाट्टेल ते शिंतोडे उडवतेय!"

"उडवतेय. मला लागतंय. रात्र रात्र झोप नाही." हे त्या अगदी सरळ म्हणाल्या. "पण ते तिचं आणि प्रभूचं. माझं जे आहे ते मी बघते."

मी वर गेले आणि आदळआपट केली. आमचे हे म्हणाले, "त्या म्हणतात ते बरोबर आहे." मी म्हटलं, बरोबर आहे म्हणूनच राग येतोय. आणि स्क्रीनशॉट काही खोडला नाही.

शनिवारची बैठक त्याच खोलीत झाली. चर्चमध्ये रंगकाम चालू होतं. मोठी माणसं मुलांच्या बुटक्या बाकांवर बसलेली, गुडघे छातीशी. एरवी मी हसले असते. बटणची आई दाराजवळ बसली होती, नवरा बरोबर नव्हता. मी मुद्दाम तिच्या समोर बसले. मंडळीच्या ग्रुपवर पाठवायला स्क्रीनशॉट लावून ठेवला होता, खाली मजकूरही होता. अंगठा खाली आला की गेला.

अध्यक्ष घड्याळजी आहेत. दुकान मुलाला दिलंय, पण बोलायचं अजून तसंच, टिकटिक. "बाई, एकच प्रश्न आहे. त्या दिवशी आपण प्रभुभोजन का घेतलं नाही?"

"सांगू शकत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणजे कारण आहे?"

"आहे. पण ते माझ्या एकटीचं नाही."

आगीत तेल पडलं. मागून कोणीतरी कुजबुजलं, "एकटीचं नाही म्हणजे? दुसरं कोण?" कोणीतरी हसलं, ते घाणेरडं हसणं मला ओळखता येतं. छत्रीचे वडील म्हणाले, "आम्ही आरोप करत नाही. पण लेकरांचा प्रश्न आहे, धोका कशाला पत्करायचा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. याच माणसाची मुलगी तापली होती, तेव्हा ऑफिस सुटेपर्यंत तिला खांद्यावर घेऊन जाऊबाई याच खोलीत फिरल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. मी उठले. "कारण मी सांगते!"

मी बटणच्या आईकडे बघितलं. तिने माझ्या हातातला फोन बघितला आणि तिला कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं त्यात मजा येईल.

"बस खाली," जाऊबाई म्हणाल्या.

"जाऊबाई, तुमची खोली जातेय."

"माझीच जातेय ना? बस."

इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. तेव्हाही ओरडल्या नाहीत. पण मी बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते तेव्हा कळलं. घड्याळजींनी ठराव वाचला, 'पुढील विचार होईपर्यंत' खोली बंद. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत होते. जाऊबाईंनी कंबरेची किल्ली काढून बाकावर ठेवली आणि जाताना ओलं पायपुसणं वाळत टाकायला विसरल्या नाहीत.

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात निघाले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात बटणची आई. कडक इस्त्रीचे कपडे, बगलेत फाइल, कडेवर बटण.

"आहेत का त्या?"

"तुमची हिंमत झाली तरी कशी?" मी दार पुढे लोटलं. लावणारच होते.

"माझा इंटरव्ह्यू आहे. आत्ता कळवलंय. हे बाहेरगावी आहेत. सासूबाईंना सांगता येत नाही, दुसरं कोणी..." तिने बटणला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला माहीत आहे मी काय केलंय. तुम्हीही मला ओळखलंय. शनिवारी त्यांनाही माहीत होतं का?"

"आधीपासून."

"मग बोलल्या का नाहीत?"

मागून जाऊबाई आल्या. हात ओले होते, ते पुसत पुसतच आल्या. मला वाटलं, आता निदान एक तरी शब्द सुनावतील. एवढा तर हक्क होता. बटण त्यांच्याकडे झेपावली, त्यांनी तिला घेतलं आणि तिच्या आईला म्हणाल्या, "दोनदा आले होते तुझ्याकडे. त्या दिवशी मी न विचारता तुझ्या घरात बोलले. फार चुकलं माझं. मला माफ करशील?"

"तुम्ही... तुम्ही माझी माफी मागताय?"

"इतके दिवस हेच म्हणायचं होतं. आता जा, उशीर होईल. हिचं जेवण मी बघते."

ती पायऱ्यांवरच रडली. मग चेहरा पुसून गेली. मला तिची दया आली नाही, खरं तेच सांगते. जाऊबाईंचा राग आला. एवढं मोठं मन आपल्याच घरात असलं की फार अडचण होते.

संध्याकाळी त्या व्हिडिओखाली तिने स्वतःच्या नावाने लिहिलं. नोकरी गेल्याचं, घरच्यांपासून लपवल्याचं, बाईंनी तबक का पुढे दिलं त्याचं. शेवटी: "सत्याचा दिवा मीच होते. त्यांच्यावर मी लिहिलं त्यात एक अक्षरही खरं नव्हतं. त्यांची खोली त्यांना परत द्या."

मी ओरडतच खाली धावले. जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. तेवढ्यात खाली उत्तरं यायला लागली.

"खोटारडी." "नवऱ्याला फसवलं ती मंडळीला काय सोडणार." "अशांना चर्चच्या पायरीवरही उभं करू नये." "बिचारी बाई देवमाणूस, आणि ही नागीण." छत्रीची आई त्यात होती, ते घाणेरडं हसणारे होते, पहिली साखरेतली कमेंट टाकणारी होती. सगळ्यांच्या शेवटी जोडलेले हात. मी मोठ्याने वाचत गेले. यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. शुक्रवारी घरी येताना मी हीच घडवली होती, आणि माझी यांच्यापेक्षा जास्त बोचरी होती.

"वाचू नकोस आता," जाऊबाई म्हणाल्या. "चपला घाल."

"कुठे?"

"ती घरी असेल. तिच्या सासूबाईंनीही वाचलं असेल. एकटी नको राहायला."

तेवढ्यात घड्याळजींचा फोन आला. मी स्पीकरवर लावला. "बाई, किल्लीचं बघू. पंच फेरविचार करतील..."

"उद्या बोलते, भाऊ. आज घाई आहे," असं म्हणून त्या दाराकडे गेल्यासुद्धा.

वाटेत मी विचारलं, "मी काय बोलू तिथे?"

"काही नको. आज बोलणारे खूप आहेत."

तिच्या दारावर जाऊबाईंनी टकटक केलं. बराच वेळ काही नाही. मग कडी सरकली. डोळे सुजलेले, हातात फोन, पडद्यावर तेच सगळं चालू. जाऊबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पालथा करून कपाटावर ठेवला.

मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण माझ्याच्याने राहवेना. "त्यांनी लिहिलंय त्याहून वाईट मी लिहून ठेवलं होतं," मी म्हटलं. "शनिवारी. पाठवणारच होते. चुकले मी."

तिने कडी सोडली, पुन्हा धरली. मला माफ करणं तिला किती अवघड आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "आत या दोघी."